सुमनबाईची हळद

रामाकोन्यात गेल्या चाळीस वर्षांत जो कोणी जन्मला, तो सुमनबाईच्या नडग्यांवर न्हाऊन मोठा झाला, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही. छोट्या रुळाची गाडी गावात थांबायची तेव्हापासून ती बाळंतिणींच्या घरी जात आली. पुढे छोटी गाडी गेली, मोठी आली. बाळंतपणं सौंसरच्या दवाखान्यात होऊ लागली. पण बाळ घरी आलं की दुसऱ्या सकाळी निरोप यायचाच, "मावशी, पाणी तापवून ठेवलं."

प्रेमलताच्या घरून तो निरोप आला तेव्हा सुमनबाई चहा अर्धा टाकून उठली. प्रेमलताची लेक तृप्ती पांढुर्ण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. तृप्ती तान्ही होती तेव्हा तिलाही सुमनबाईनेच न्हाऊ घातलं होतं. जिला न्हाऊ घातलं तिचीच लेक पुन्हा आपल्या पायांवर यावी, याहून म्हाताऱ्या बाईला काय हवं असतं?

न्हाणीत पाटावर बसून, लुगडं गुडघ्यांवर घेऊन ती पाय लांब करायची. आधी कोमट तेल. मग डाळीचं पीठ, साय आणि हळद. दुकानातली हळद तिला चालत नसे. हळकुंडं ती स्वतः कुटायची आणि तिच्या हळदीचा रंग बाळाच्या अंगावर दिवसभर राहायचा. कपाळापासून घोट्यापर्यंत ती लेप लावी. फक्त तळपायाला लावायचं नाही, हा तिचा नेम होता. का, ते तिला ठाऊक नव्हतं. सासूने तसं शिकवलं, म्हणून ती तसं करत आली होती.

बाळ गुणाचं निघालं. रडणं नाही, किरकिर नाही. निजलं की निजलं. पांढुर्ण्याहून तृप्तीची सासू रोज फोनवर नात पाहायची आणि म्हणायची, "सोन्यासारखी दिसून राहिली हो!" प्रेमलता ते ऐकून फुलायची.

सातव्या दिवशी आशाताई म्हणून काम करणारी प्रज्ञा वजन घ्यायला आली. तिने बाळाच्या कपाळावर बोट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पापण्या उघडून बघाव्या तर बाळाने डोळे घट्ट मिटून घेतलेले.

"सुमनमावशी, बाळ पिवळं दिसून राहिलं."

"मंग काय निळं दिसंल? माह्या हातची हळद हाय ते."

"दूध किती वेळा पेते?"

"उठंल तवा पेते," प्रेमलता म्हणाली. "उठतच नाही माय. लय शांत हाय."

"उठवून पाजा तिले. आन् मी म्हणतो, एकदा सौंसरले दाखवून या."

"मले एक सांग प्रज्ञा," सुमनबाई म्हणाली, "तुह्या नाकाले चिमटीत धरून धरून वर कोनं आणलं? म्या. नाहीतर बसलं होतं पार गालाच्या रेषेत. आता तू मले बाळ शिकव."

सगळ्या हसल्या. प्रज्ञाही नाकाला हात लावून हसली, पण उठता उठता म्हणाली, "निदान उद्या हळद नोका लावू मावशी. मले रंग समजू द्या. मी सकाळी येतो." सौंसरचं मात्र उद्यावर गेलं.

घरी जाताना सुमनबाईचं डोकं तापलेलंच होतं. कालची पोरगी, वही घेऊन फिरते आणि आपल्याला सांगते! दुसऱ्या सकाळी तिने वाटीत हळद घातली ती रोजच्यापेक्षा चिमूटभर जास्तच.

तेल लावायला तिने बाळाला पायांवर घेतलं आणि तिचे हात थबकले. रोजची पोरगी निजलेली असली तरी तिच्या अंगाला एक ओढ असायची, हात धरला की ती तो आखडून घ्यायची. आज हात धरला तसा हातात राहिला. अंगावर पाणी घातलं तरी तिने तोंड वाकडं केलं नाही. पाठ धुवायला सुमनबाईने तिला पालथं केलं, तेव्हा दोन्ही तळपाय दाराच्या उजेडात आले.

ते पिवळे होते.

तिने पाणी घालून तळपाय चोळले, पदराने पुसले. रंग गेला नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यावर भरवसा नाही. तिने हाक मारली.

"प्रेमलता, इकडे ये. माहा डोळा धुंदला हाय, तू सांग. हे तळपाय कोन्या रंगाचे हायत?"

प्रेमलता वाकली. "पिवळेच तर हायत. तुमची हळद ना मावशी?"

नुसतं "हो" म्हटलं असतं तर तो दिवस तसाच गेला असता. प्रेमलता चुलीकडे वळली असती, सुमनबाईचं चाळीस वर्षांचं नाव जागच्या जागी राहिलं असतं. तिने बाळाला पदरात गुंडाळलं.

"ही माही हळद नाही. तळपायाले म्या लावतच नाही. प्रज्ञा खरं बोलून राहिली होती, माह्या हळदीनं झाकलं ते. विनोदले म्हण गाडी काढ. आता, याच पावली."

विनोद, तृप्तीचा भाऊ, अर्ध्या दाढीचा साबण पुसत बाहेर आला. सुमनबाईला कोणी चल म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. ओल्या लुगड्यानिशी ती मागे तृप्तीच्या शेजारी बसली. सौंसरपर्यंत प्रेमलता तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. कावीळ बरीच वाढली होती. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगाला हळद कोणी लावली?"

"म्या," सुमनबाई म्हणाली.

"रंग झाकला गेला त्यात. पुन्हा नाही लावायची." मग त्या तृप्तीकडे वळल्या. "दिव्याने उतरेल हे. पण दूध पोटात गेलंच पाहिजे, दर दोन तासांनी. झोपलेली असली तरी उठवायचं. नाहीच प्यायली तर नळीने द्यावं लागेल."

सुमनबाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. हात तिने पदराखाली घेतले होते. आतून सगळं ऐकू येत होतं. तृप्ती हाक मारत होती, प्रेमलता टाळ्या वाजवत होती, नर्स म्हणत होती, "पायाला टिचक्या मारा." बाळाचा आवाज तेवढा येत नव्हता. नळीची तयारी करू का, असं नर्सने विचारलं तेव्हा तृप्ती दाराशी आली. रडून तिचं तोंड सुजलं होतं.

"आजी, तू काहून तिथं बसून राहिली? आत ये ना."

"आता मावशीले काहून बलावतं?" प्रेमलता आतून म्हणाली.

"माह्यानं उठत नाही, तुह्यानं उठत नाही. मंग कोनाच्यानं उठंल, सांग बरं?"

नर्सने सुमनबाईला आधी साबणाने हात धुवायला लावले. पाणी पिवळं वाहिलं, मग पांढरं. नखांतली हळद काही निघेना. ती घासतच राहिली, शेवटी नर्सनेच नळ बंद केला. "बस झालं मावशी. या."

पाजायला दिव्याखालून काढलेलं बाळ तृप्तीच्या मांडीवर गुंडाळलेलं होतं. सुमनबाईने आधी ते दुपटं सोडलं. ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. एका हाताने हनुवटी धरून बाळाला बसतं केलं, दुसऱ्या हाताची बोटं मणक्यावरून खालून वर नेली, पुन्हा नेली. मग अंगठा कानामागून जबड्यावरून हनुवटीपर्यंत, अगदी हळू. घाई तिने कधी कुठल्या बाळाशी केली नव्हती.

"ओ पांढुर्णेवाली," ती म्हणाली, "मामाच्या गावाले काय नुसतं निजायले आली? तुही माय अशीच होती आळशी. तिले उठवता उठवता माहा चहा रोज थंडा व्हायचा."

कपाळावर एक आठी आली. अंगठा पुन्हा हनुवटीपर्यंत गेला. ओठ हलले आणि मांजरीच्या पिल्लासारखा बारीक, चिडका आवाज आला.

"लाव! लाव लवकर तिले!"

तृप्तीने बाळाला छातीशी घेतलं. सुमनबाईला बाळाचं तोंड नीट दिसत नव्हतं. ती कान जवळ नेऊन वाकली.

"पेते का?" प्रेमलताने तृप्तीला विचारलं.

"गप बसा, आयकू द्या."

बराच वेळ काही नाही. मग एक घोट. मग थांबून दुसरा. मध्ये बाळ पेंगलं, तेव्हा तिने जबड्याखाली बोट फिरवलं आणि घोट पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जवळजवळ. तृप्ती हसली आणि हसता हसता पुन्हा रडली.

सुमनबाई सरळ व्हायला गेली तर कंबर धरली होती. मागे काहीतरी फरशीवर घासत आलं. प्रेमलताने कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्या मागे लावलं होतं.

"बसा मावशी," ती म्हणाली. घरून निघाल्यापासून तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. "दोन घंट्यानं पुन्हा उठवा लागंल हिले. घरी नोका जाऊ."