भुताची लाथ

देवणीच्या जुन्या धान्य गोदामासमोर त्या रविवारी अख्खा तालुका लंगडत होता. कारण साधं होतं. गोदामात लोकांचे पाय बरे करायला बसलेल्या समपाद महाराजांच्या सेवेकऱ्यांनी माइकवरून पुकारलं होतं की, लंगडणाऱ्या भक्ताला आधी आत सोडणार. मग काय विचारता! सायकल मारत आलेला माणूस कोपऱ्यावर सायकल लावायचा आणि तिथून पुढं एक पाय ओढत रांगेत घुसायचा. एक गृहस्थ येताना डावा पाय ओढत होते, पुढं सरकल्यावर उजवा ओढू लागले. मागच्याने हटकलं तर म्हणाले, "रोग फिरता हाय." मागच्यालाही ते पटलं.

मी रुद्रेश, जनावरांचा डॉक्टर. लंगडं ढोर लांबून ओळखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्या रांगेत मला खरं लंगडणारं माणूस एकच दिसलं, ते म्हणजे माझ्या शेजारच्या हणमंतरावांची मुलगी सुकन्या.

सुकन्या पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे निलंगा रस्त्याला अशी धावायची की, मोकाट कुत्र्यांनीही तिच्या मागे लागायचा नाद सोडला होता. आठवड्यापूर्वी धावता धावता फाडकन आवाज झाला आणि टाचेच्या वर कुणीतरी मागून सणसणीत लाथ घातल्यासारखं तिला वाटलं. पोरगी तापट. शिवी तोंडात घेऊनच वळली. मागे कुणीच नव्हतं. नुसता रिकामा रस्ता, आणि थोडं अलीकडं चौकात कुणीतरी टाकलेला उतारा: भात, हळदकुंकू, अर्धं लिंबू.

गल्लीतल्या केवळाबाईंनी जागच्या जागी निकाल दिला. "उतारा ओलांडला गं माय हिनं! त्याच्यातलं भूत उठलं अन् लाथ घातली."

हणमंतराव तसे शहाणे. त्यांनी एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत निघालं, आणि नेमकं तेच भुताच्या पथ्यावर पडलं. हाड मोडलं नाही तरी पोरगी लंगडते, म्हणजे मार बाहेरचाच! मी म्हणालो, "हणमंतराव, एक्स-रेत हाड दिसतं, हाडाला बांधलेलं बाकीचं दिसत नाही. लातूरला सर्जनला दाखवा. उशीर केलात तर भरती राहिली बाजूला, पोरगी नीट चालायची नाही."

"डॉक्टरसाब, तुमचं बैलाचं ठीक हाय," हणमंतराव म्हणाले. "बैल म्हंजे नंदीचं लेकरू. त्याला भूत लागत न्हाई."

निदान पाय तरी बघू द्या म्हटलं, तर केवळाबाई मधे पडल्या. "जवान पोरीच्या पायाला ढोराचा डॉक्टर हात लावणार व्हय?" मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे घरी जाऊन बायकोवर चिडलो.

त्या रविवारी माझ्यासोबत किल्लारीचे शेषेराव होते. जुने मित्र, गाय बघायला देवणीला आलेले. भूकंपात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून ते नकली पाय लावतात, वर मोजा आणि बूट चढवतात, आणि असे झोकात चालतात की परक्या माणसाला पत्ताही लागत नाही. "चला की डॉक्टर," ते म्हणाले, "गाय कुठं पळून जायली का? महाराज तरी बघू."

गोदामात पोत्यांच्या जागी माणसं रचलेली होती. मंचावर एक लाकडी खुर्ची, आणि खुर्चीसमोर पाटावर समपाद महाराज. कपाळावर गंध इतकं की डोळ्यांना जागा कमी पडत होती. भक्ताला खुर्चीवर बसवायचं, आणि त्याच्या दोन्ही टाचा जोडून तळहातांवर उचलायच्या. पायातलं मात्र काढू द्यायचे नाहीत. "पादत्राण काढलं की ऊर्जा उडून जाते!" मग लोकांना दाखवायचे, "बघा, एक पाय दोन बोटं आखूड! मनुष्याची सर्व दुःखं या दोन बोटांत आहेत. गुडघेदुखी, पोराचं लग्न न जमणं, सुनेचं उलट बोलणं!" त्यावर मंत्र, "ॐ पादाय नमः, टाचाय नमः, घोट्याय फट् स्वाहा!" आणि आखूड पाय सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरसर वाढून दुसऱ्याच्या बरोबरीला यायचा. पहिल्यांदा मीही डोळे चोळले.

सुकन्याची पाळी आली. तिचाही पाय आखूड निघाला आणि वाढला. टाळ्या पडल्या. महाराज हणमंतरावांना म्हणाले, "भूत पोटरीला लटकलंय. उद्या पहाटेपासून हिला पळवा. जोरात पळवा! भूत दमलं की आपोआप गळून पडतं." मग सुकन्याला म्हणाले, "ऊठ बाळ, चाल."

सुकन्या लंगडत चार पावलं चालली. "चालली! चालली!" लोक ओरडले. आत येतानाही ती अशीच चालत आली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोरगी ओठ दाताखाली धरून बापाकडे बघत होती, आणि बाप हात जोडून महाराजांकडे.

माझं डोकं फिरलं. या पायाने ती उद्या धावली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं. मी तावातावाने उठलो, तर शेषेरावांनी मला खाली ओढलं. "बसा हो. तुम्ही शिव्या देणार अन् लोकं तुम्हालाच हाणणार. मी जाऊन येतो." आणि ते असे लंगडत निघाले की, सेवेकऱ्यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच मंचावर नेलं.

महाराजांनी टाचा उचलल्या. "अरेरे! उजवा पाय दोन बोटं आखूड!"

"कवापासून असंल, महाराज?" शेषेराव केविलवाणे झाले.

"जन्मापासून! मातेच्या उदरातच आखडलाय. मज्जेत वात शिरलाय. नखं निळी पडली आहेत."

"बुटातून दिसायलीत?"

"आम्हाला दिव्यदृष्टी आहे." महाराजांनी मंत्र म्हटला, पाय वाढला. "आता काय वाटतं?"

"लई गार वाटायलंय."

"रक्त खेळू लागलं! आता टाचेला मुंग्या येतील!"

"येऊ द्या की," असं म्हणत शेषेरावांनी विजार वर सरकवली, पट्टा सोडला आणि अख्खा पाय बुटासकट काढून महाराजांच्या मांडीवर ठेवला. "घ्या. मुंग्या आल्या की सांगा."

मला वाटलं, संपला खेळ. पण मी आमच्या लोकांना ओळखलंच नव्हतं. हणमंतरावांसोबत आलेल्या केवळाबाई गालावर हात ठेवून किंचाळल्या, "अगं माय! नकली पाय वाढविला की!"

"समपाद महाराज की जय!" गोदामाचे पत्रे हादरले. महाराजांच्या चेहऱ्यावरचा गेलेला रंग परत आला. "निर्जीवातही आम्ही प्राण फुंकतो," ते म्हणाले. मागून एकजण हात वर करून ओरडला, "महाराज, माझ्या बाजेचा एक पाय आखूड हाय! घेऊन येऊ का?"

आता मात्र मी मंचावर चढलो. शेषेरावांची पाळी चालू असताना मी टाचांकडे न बघता महाराजांच्या कोपरांकडे बघत होतो, आणि मला हवं ते दिसलं होतं. शेषेरावांना मी बाजूला बसवलं आणि हाक मारली, "केवळाबाई, या, खुर्चीवर बसा." त्या ऐटीत येऊन बसल्या. मी त्यांच्या टाचा जोडून उचलल्या. "आखूड आहे का?"

"हाय! डावा आखूड हाय!" लोक ओरडले.

"ॐ ज्वारी, तूर, सोयाबीन स्वाहा!" पाय वाढला. "आता परत आखूड करतो." केला. वाढवला. पुन्हा आखूड केला.

"ओ डॉक्टर, एक काय ते ठरवा!" केवळाबाई घाबरल्या. "मला घरी जायचंय!"

लोक पहिल्यांदाच हसले. मी सांगितलं, "बसलेल्या माणसाच्या टाचा जोडून उचला आणि जराशा एका बाजूला न्या. एक टाच पुढं, एक मागं दिसते. हळूच मधे आणा, दोन्ही बरोबर. पाय जेवढा होता तेवढाच राहतो. मला विचारू नका, शेजाऱ्याचे पाय धरा आणि करून बघा."

मग जी धमाल उडाली ती काय सांगू! व्याही व्याह्याचे पाय धरून बसले, सासूने सुनेचे धरले. "आखूड झाला! वाढला! अरे मला बी येतंय!" गोदामभर एकच हलकल्लोळ. या गडबडीत महाराज मागच्या दाराने निसटले, आणि घाईत मांडीवरचा शेषेरावांचा पाय काखेत तसाच गेला. "ओ, पाय माझा हाय!" शेषेराव ओरडले. दोघंतिघं धावले. पाय मिळाला, महाराज मिळाले नाहीत.

हणमंतराव हसत नव्हते. ते मंचाजवळ आले. "डॉक्टरसाब, बाबा लबाड. कबूल. पण पोरीला लाथ बसली तिचं काय? माझी सुकन्या खोटं बोलत न्हाई."

प्रश्न रास्त होता. मला त्या माणसाचा रागही आला आणि मायाही वाटली. "सुकन्या खरंच बोलते," मी म्हणालो. "सुकन्या, खुर्चीवर गुडघे टेकून उलटी बस. पावलं मागे लोंबू दे. हणमंतराव, मी हात लावत नाही, तुम्ही लावा. चांगल्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबा."

त्यांनी दाबली. पाऊल टुणकन हललं, बोटं खाली गेली.

"आता दुसरी."

त्यांनी दुसरी दाबली. पाऊल लोंबतच राहिलं. त्यांनी पुन्हा दाबली. परत चांगल्या पायाला जाऊन आले, परत या पायाची दाबली. काही हललं नाही.

"पोटरी आणि टाच एका जाड दोरीने बांधलेली असते," मी म्हणालो. "पोटरी ओढते, पाऊल हलतं. हिची ती दोरी तुटलीय. बैलाचा ताणलेला कासरा तुटला की हाताला सणकून फटका बसतो ना? तेव्हा कोण मारतं?"

"कोण मारतंय? कासराच बसतोय," हणमंतराव हळूच म्हणाले. त्यांनी तिच्या टाचेच्या वर बोट ठेवलं. ताठ दोरी लागायला हवी तिथं मऊ खळगा लागला. बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "उद्या मी हिला पळविणार होतो." आणि मंचाच्या कडेला मटकन खाली बसले.

"अण्णा, उठा," सुकन्या म्हणाली. "जीप बघा."

लातूरच्या सर्जनने तशीच पोटरी दाबली, सोनोग्राफी केली, दोरी शिवली आणि बोटं खाली राहतील असं प्लास्टर घातलं. अजून उशीर झाला असता तर तुटलेली टोकं जोडणं अवघड गेलं असतं, म्हणाले. यंदाची भरती हुकली. पण पाय भरून आला की हळूहळू धावता येईल, पुढची भरती बघू, असंही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?"

शेतीच्या कामाचं निमित्त सांगता आलं असतं. हणमंतराव म्हणाले, "भूत हुडकायलो होतो."

"मग, सापडलं का?"

"हाव. माझ्याच डोक्यात बसलतं."

तर मंडळी, माझं सांगणं एवढंच. पाय मुरगळू दे, मोडू दे नाहीतर सुजू दे, आधी डॉक्टर गाठा. आणि कुणीही छातीठोकपणे काही सांगितलं, तर त्याला म्हणा, दाखव. मला, या बैलाच्या डॉक्टरलाही, म्हणा. हणमंतरावांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, ते चांगलंच झालं. त्यांनी पोरीची पोटरी स्वतःच्या हाताने दाबून बघितली, म्हणून तिचा पाय वाचला.