फुसफुशाने फिरवलेली फौज

मी एक जुना एअरब्रश आहे, मित्रांनो. पण खर्डा गावात मला या नावाने कुणी ओळखत नाही. तिथे मी फुसफुशा! पितळी अंग, पेनाएवढी उंची, डोक्यावर रंगाची इवलीशी वाटी आणि शेपटीला रबरी नळी. हवा सोडली की मी रंगाचे धुके फुंकतो. आवाजाला लोक हसतात. हसू द्या, मी मुळीच लाजत नाही.

माझा जन्म परदेशी कारखान्यातला. मुंबईच्या एका फोटो स्टुडिओत मी कितीतरी नवरा-नवरींचे गाल गुलाबी केले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथले कारागीर मोहियोद्दीनभाई मला पेटीत घालून आपल्या गावी, खर्ड्याला घेऊन आले. गावात हवेचे यंत्र कुठले? त्यांनी ट्रकच्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरली आणि माझी नळी तिला जोडली. माझे मस्त भागले.

भाईंचे बालमित्र कानिफनाथ गुरुजी शाळेत इतिहास शिकवत. दर दिवाळीला दोघे भाईंच्या टेबलावर सतराशे पंचाण्णव साली गावाशेजारीच झालेली खर्ड्याची लढाई खेळत. बोटाच्या पेराएवढे मातीचे शिपाई, मराठे भगवे, निजाम निळा, आणि चाल कवड्या टाकून. पण गुरुजी बसताच म्हणत, "तू निजाम, मी मराठे." कवड्यांनी निजामाला जिंकवले, तरी ते मानत नसत. "इतिहास बदलता येत न्हाई, मोहियोद्दीन. खर्ड्याला निजाम हरला, म्हंजे हरला!" भाई हसत. गुरुजी गेल्यावर मात्र भगवे शिपाई हातात घेऊन बसत. त्यांना एकदा तरी मराठ्यांकडून लढायचे होते. तेही खर्ड्याचेच की!

सत्तर सालच्या दिवाळीत नवी फौज रंगवायचे काम माझ्याकडे आले. मी जोरात फुंकले आणि लढाईआधीच सगळी फौज आडवी! भाईंच्या पत्नी फरीदाभाभींची हसून पुरेवाट झाली. "थांबा, कनीक आनते." पोळपाटावर कणीक थापून त्यांनी त्यात शिपायांचे पाय रोवले. मग मी अगदी हलक्या श्वासाने भगवा फुंकला. मी ज्या बाजूने फुंकतो, तीच बाजू रंगते. भाभींनी पोळपाट फिरवला. "आवो, हिकडून कोरेच हायेत की समदे!"

भाईंनी पुन्हा भगव्याची बाटली उचलली, थबकले आणि गालातल्या गालात हसले. मग माझी वाटी धुऊन त्यांनी तीत निळा ओतला. शिपायांना नाकडोळे नव्हतेच. त्यामुळे प्रत्येक शिपाई एका बाजूने मराठा झाला आणि दुसऱ्या बाजूने निजामाचा.

गुरुजी आले, त्यांच्या बाजूने भगव्या दिसणाऱ्या फौजेमागे नेहमीच्या खुर्चीत बसले. "तू निजाम..."

"व्हय का?" म्हणत भाईंनी एकेक शिपाई फिरवला. गुरुजींची फौज निळी झाली, भाईंची भगवी.

"आरं, ही काय लबाडी!"

"इतिहास त्योच हाय, कानिफ. नुसती फौज फिरली."

गुरुजी इरेला पेटले. कवड्याही त्यांनाच साथ देऊ लागल्या. भाईंचा शेवटचा शिपाई उचलून ते ओरडले, "जितलो!"

भाई शांतपणे म्हणाले, "खर्ड्याला निजाम हरला, म्हंजे हरला. तूच म्हनतोस न्हवं?"

गुरुजींचा चेहरा असा पडला की भाभींनी तोंडाला पदर लावला. मग ते हळूच म्हणाले, "जितून हरायला लई वाईट वाटतं रं."

"मला दर दिवाळीला वाटतं."

गुरुजींनी मित्राचा हात ओढून कवड्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "आजपासनं कवड्या सांगतील त्येच खरं. अन् निजाम आळीपाळीनं!" मग तिघेही पोट धरून हसले. मला इतका आनंद झाला की मी नळीतून उगीचच एकदा फुसफुसलो.

मित्रांनो, आता रंगाची धार सांभाळणारी माझी आतली सुई वाकली आहे. पण माझे एवढे ऐका. रंगवून झाले की मला लगेच धुवा. एक थेंब आत वाळला तरी माझा घसा बसतो. आणि मित्राबरोबर खेळायला बसलात, की कधीतरी आपण होऊन शिपाई फिरवा.