कथेतला पुरुष

रविवारी दुपारी अंजनीबाई शिरगावच्या घरी जवळा निवडत बसल्या होत्या. अंबरनाथच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं होतं. लेकीची छापून आलेली प्रत्येक कथा त्या दोनदा वाचत, एकदा आई म्हणून, एकदा चुका काढायला.

"जिज्ञासा, तुझ्या कथेतला हा प्रज्वल मला पटला नाही गो."

"का? चांगला तर आहे."

"चांगलाच आहे. पण बायकोची वेणी घालताना तोंडात पिना धरतो. कुठल्या पुरुषाने धरल्यात?"

जिज्ञासा हसली. ती सवय तेजलची होती. तेजलचा शेजारच्या शहरातल्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना. दोघी अंबरनाथला भाड्याने राहत आणि घरचे तिला रूममेट म्हणत. कथेत जिज्ञासा तेजलचा नेहमी पुरुष करी. नाव बदलायची, मिशी द्यायची. सवयी मात्र तशाच राहून जात.

"लिहिताना चुकलं."

"मग खरं काय?" आईचे हात थांबले.

उत्तर अगदी तोंडाशी आलं होतं.

"कथेत खरं काही नसतं गं."

आईने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा जवळ्यात हात घातला. "बरं. चहा टाक. लेखिकाबाईंना तेवढं तरी जमतं का बघू."

सोमवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या.

दहाव्याला उल्हास नदीच्या घाटावर पिंड मांडला. पिंपळावर कावळे होते, पण एकही उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, ती ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा. चुलतभाऊ अल्पेशने घराची डागडुजी कबूल केली. काशीमावशीने देवघराची जबाबदारी घेतली. कावळे ढिम्म.

"वडापाव खाऊन आलेत साले," अल्पेश पुटपुटला. मावशीने त्याला कोपर मारलं.

शेवटी जनूमामांनी हात जोडले. "अक्का, पोरीची काळजी सोड. वर्षाच्या आत तिचं लग्न लावतो." मग ते जिज्ञासाकडे वळले. "तू बोल गो. लग्न करते, एवढंच म्हण. तुझ्या आयशीचा जीव तुझ्यात अडकलाय."

सगळे तिच्याकडे बघू लागले. बायकांपासून थोडी लांब, पायरीवर तेजल उभी होती. तिने मान किंचित हलवली. नको. आज नको.

"ऊन चढलं," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे."

म्हणजे गप्प राहिलं तरी भागणार होतं. नाहीतर दोन शब्द बोलून टाकायचे, मामांचं समाधान झालं असतं आणि सगळे जेवायला सुटले असते. खोटं जिज्ञासाला जड नव्हतं. खोट्याची तिने पानंच्या पानं लिहिली होती, आणि लोकांनी त्यांचं कौतुक केलं होतं. पण पिंडासमोरचा शब्द मामांना द्यायचा नव्हता, आईला द्यायचा होता. आईने तर जिवंतपणी सरळ विचारलं होतं.

गुरुजींनी दर्भाला गाठ मारायला घेतली.

"थांबा," जिज्ञासा म्हणाली.

ती पिंडापाशी गेली. एकदा खाकरली. मग मागच्या पायरीवरही ऐकू जाईल अशी बोलली.

"आई, मी लग्न करणार नाही. माझं तेजलवर प्रेम आहे. आजवर जे लिहिलं ते सगळं तिच्याबद्दलच होतं."