अहिल्याचे थांबे

"झालं का काकू?" रुचाने डोळे घट्ट मिटून विचारलं.

"अजून सुई टोचलीच नाहीये गं. मूठ आवळ बघू."

अहिल्याने तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला आणि बोटाने शीर चाचपली. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या हॉस्पिटलात ती एकोणीस वर्षं रक्त काढत होती. घाबरट पेशंट आला की मुद्दाम तिच्याकडे पाठवत.

भीती घालवायला रुचा बोलत सुटली. "रेणूमावशींचे फोटो काय मस्त आलेत ना! फ्रान्सचे ते डोंगर, द्राक्षांचे मळे, रोज नव्या गावात वाइन! माझी शेजारीण आहे त्या ग्रुपमध्ये. मला वाटलं, तुम्हीही गेला असाल."

सुई शिरेत शिरली होती. अहिल्याने हात हलू दिला नाही. तीन नळ्या भरल्या, सुई काढली, कापूस दाबून धरला.

"मला नाही जमलं," ती म्हणाली.

रेणू तर प्लेनोला, शंतनूकडे, आपल्या मुलाकडे गेली होती. निदान तसं सांगून गेली होती.

बावीस वर्षांची मैत्री. दोन हिवाळे दोघी पाठीवर सॅक घेऊन नदीकाठच्या बर्फातून चालल्या होत्या, सवय व्हावी म्हणून. दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी, सहा दिवस या गावातून त्या गावात पायी जायचं ठरलं होतं. सगळा रस्ता अहिल्याने एका वहीत लिहून काढला होता. चढ कुठे, झरा कुठे, कुठल्या चर्चच्या पायरीवर बसून डबा खायचा.

मार्चमध्ये रेणू म्हणाली, "गुडघा गेला गं. डॉक्टर चढ नको म्हणतात. तू जा."

रेणूशिवाय जायचं अहिल्याच्या मनातही आलं नाही. तिने बुकिंग कॅन्सल केलं. वर महिनाभर दर शनिवारी जाऊन रेणूच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. "निदान वाचून तरी मन रमेल," म्हणत रेणूने वही मागून घेतली होती.

पुढच्या रविवारी रेणू आली. एका हातात वही, दुसऱ्या हातात वाइनची बाटली. चेहरा उन्हाने रापलेला. अहिल्याने चहा टाकला.

"कसा आहे गुडघा?"

रेणू कपाकडे बघत राहिली. "रुचाने सांगितलं ना? ती म्हणाली मला."

"हो."

"मी सांगणारच होते, शप्पथ. पण त्या ग्रुपमधल्या सगळ्या रोज दहा-दहा मैल चालणाऱ्या. आणि तू हळू चालतेस, अहिल्या. दर दहा मिनिटांनी थांबतेस. त्यांना चाललं नसतं यार. मग तुला सांगू तरी कसं?"

"म्हणून गुडघा?"

रेणूने वही तिच्यापुढे सरकवली.

"तेल लावताना मी तुझ्या पायाशीच बसलेली असायचे," अहिल्या म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

तिने वही उघडली. तिने लिहिलेल्या प्रत्येक थांब्यावर लाल पेनाने काट मारली होती. झरा, ओटा, चर्चची पायरी. बाजूला कुणाच्यातरी अनोळखी अक्षरात 'स्किप'. पानापानावर.

अहिल्याला बरंच काही बोलायचं होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"द्राक्षांच्या ओळींच्या टोकाला तिकडे गुलाब लावतात म्हणे. दिसले?"

"गुलाब?" रेणू गोंधळली. "असतील. नाही गं, लक्षात नाही. सकाळी निघायचो ते दुपारच्या आत पुढचं गाव गाठायचो."

"बरं."

रेणू उठली. दाराशी घुटमळली. "रविवारी येशील चालायला?"

"नाही," अहिल्या म्हणाली. "आणि ती बाटली घेऊन जा."

गाडी वळणापलीकडे गेली. अहिल्याने दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि टेबलाशी बसली. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने पहिल्या दिवसापासून एकेक थांबा पुन्हा लिहायला घेतला. झरा. ओटा. चर्चची पायरी. अक्षर नेहमीसारखंच, टपोरं. संध्याकाळपर्यंत सहाही दिवस उतरवून झाले. मग पुन्हा सुरुवातीला येऊन तिने पहिल्या दिवसाखाली जागा करून आणखी एक ओळ बसवली. गुलाब बघायचे.