विसरवाडीच्या यूफोनियमला आलेला दम

मी यूफोनियम बोलतोय, विसरवाडीच्या बँडातला. अंग पितळेचं, पोट मोठं, आवाज घोगरा. जन्म मेरठच्या कारखान्यातला, पण हयात गेली ती नवापूरकडच्या वरातींत. तीस वर्षं झाली, कळसाडीचे गिरधरभाऊच मला फुंकताहेत.

मागच्या महिन्यात आमच्या बँडमास्तरांची मुलगी एस्तेर सूर लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तिला पियानो शिकवणाऱ्या रंजना टीचरांची बोटं आजारपणानं वळेनाशी झाली होती, आणि पियानोला लागली होती वाळवी. मुलगा त्यांना कायमचं सुरतेला नेणार होता. जाण्याआधी त्यांची आवडती फ्रेंच धून त्यांना आमच्या बँडानं ऐकवायची, असा पोरीनं हट्टच धरला.

धून तरी कशी? चहात बिस्कीट विरघळावं तसे सूर एकमेकांत विरघळणारे! पियानोला पायाखाली पेडल असतं, ते दाबलं की सूर मागे रेंगाळतात. आमच्याकडे कुठलं आलंय पेडल?

एस्तेर चर्चच्या गायनात वाढलेली. तिथं ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात. तिनं आमच्या कागदांवरही तशाच खुणा केल्या. झालं! दर ओळीला सुरात हे एवढं भोक. वाजवायचं होतं रविवारी, आणि शनिवार उजाडला तरी तेच.

"जाऊ दे, नकोच वाजवूया," पोरगी रडकुंडीला आली. मला फार वाईट वाटलं.

गिरधरभाऊंनी मला मांडीवर घेतलं. "पोरी, वरातमा आम्ही थांबतस का? थांबनूत ते नाचनारा मारतीन आम्हले! एक जन दम लेस, तवय दुसरा सूर धरी ऱ्हास."

"मग इथे का नाही केलं तसं, काका?"

"तू कागदवर लिखेल शे ना! आम्हले वाटनं, आठे तसंच ऱ्हास."

एस्तेर कपाळावर हात मारून हसली. सगळ्या खुणा खोडून तिनं प्रत्येकाला श्वासाची वेगळी जागा दिली.

रविवारी टीचरांच्या अंगणात आम्ही वाजवलं. इतकं हळू मी जन्मात वाजलो नव्हतो. आणि एकही भोक नाही, बरं का! धून संपल्यावर टीचरांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "एस्तेर, पेडल कुणी धरलं होतं गं?"

हुश्श! तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता पुन्हा वराती सुरू झाल्यात. गिरधरभाऊ साठीला आले, त्यांचा दम कमी होतोय, हे मला आतून कळतं. भाऊ, कमी पडला तर पडू द्या, शेजारचा सूर धरेल. मला मात्र दुसऱ्याच्या हाती देऊ नका.