कांताअम्माचं पाणी

पोलिसांची जीप वेशीत शिरली तेव्हा अख्खं बसनूर माळवदांवर चढलेलं होतं. हलगी वाजत होती, गुलाल उधळला जात होता, आणि प्यायच्या पाण्याची बोंब असलेल्या त्या साली कुणा शहाण्यानं वेशीपासून संगप्पाच्या दारापर्यंत सडासुद्धा घातला होता. तेरा वर्षांपूर्वी पळवून नेलेली संगप्पा वाण्याची लेक शिवकांता जिवंत सापडली होती. असली खबर ऐकून घरात बसेल तो माणूस कसला!

तिची आई शरणम्मा दारातच उभी होती. एका हातात भाकरतुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. बहात्तरच्या दुष्काळात ती सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची. सात वर्षांची कांता तिथंच बाभळीखाली खेळायची. एक दिवस कामावरचा मुकादम आणि त्याची बायको गूळ-शेंगा देतो म्हणून पोरीला घेऊन गेले ते गेलेच. लातूर झालं, उदगीर झालं, नांदेडच्या स्टँडवर शरणम्मा आठ-आठ दिवस बसून राहिली. पोर काही सापडली नाही.

जीपमधून एक लांबलचक, वाळलेली पोरगी उतरली. दारातल्या पाच-सात बायकांकडं तिनं एकेक करून पाहिलं. शरणम्माच्या मनात एकच, ओळखलं नाही तर? पोरगी तिच्यासमोर येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, "अव्वा."

तांब्या हातातून सुटला. त्या एका शब्दासाठी ही बाई तेरा वर्षं झुरली होती हो! तिनं पोरीला असं आवळलं की फौजदारच म्हणाला, "अहो बाई, श्वास घेऊ द्या तिला."

फौजदारानं ओट्यावर उभं राहून सगळी हकीकत सांगितली. भोकरच्या पलीकडं, रानातल्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मुकादमानं कांताला आणि आणखी एका पोरीला कोंडून ठेवलं होतं. दिवसभर राबायचं, संध्याकाळी खोलीत घालून बाहेरून कडी. मुकादमाच्या बायकोनं तिचं नावच बदललं, सिंधु ठेवलं. सिंधु म्हणून हाक मारली आणि ओ दिली नाही की तोंडात बसायची. शेवटी दुसरी पोरगी एकदा निसटली, सडकेवर येऊन एसटीला आडवी झाली आणि कंडक्टरला सगळं सांगून मोकळी झाली. पोलिसांनी कांताला नाव-गाव विचारलं तेव्हा ती शाळेतल्या कवितेसारखं धडाधडा म्हणाली, "मी शिवकांता, बाप संगप्पा, माय शरणम्मा, गाव बसनूर, तालुका निलंगा, जिल्हा उस्मानाबाद." रोज झोपताना ती हे मनात म्हणायची, विसरू नये म्हणून. मधल्या काळात जिल्हा बदलून लातूर झालाय हे त्या लेकराला कोण सांगणार? तिच्या गावाची चौकशी उस्मानाबादकडं भटकत राहिली आणि घरी यायला आणखी उशीर झाला.

मग काय विचारता! तीन दिवस गावाला जत्रेचं रूप आलं. निलंग्याहून आले, औशाहून आले, बैलगाड्या जुंपून आले. लातूरहून एक पेपरवाला आला आणि पोरीला खिडकीचे गज धरून उभी राहा म्हणाला, फोटोसाठी. शरणम्मानं त्याला असा हाकलून लावला की चप्पल राहिली त्याची. बायका ओटी भरायला यायच्या, गालावरून बोटं मोडायच्या आणि मग कानाशी लागून हळूच विचारायच्या, "तसं काही केलं का गं त्यानं?" बाप्ये विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. कांता भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. दार मात्र लावू द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेजारची तुळजाबाई रिकामी घागर घेऊनच परत आली.

"शरणाक्का," तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, "विहीर दोन थर खाली गेली. आतले दगड उघडे पडले."

आता ही विहीर कुठली ते सांगायला हवं. संगप्पाच्या शेतात जुनी विहीर होती, कोरडी ठणठणीत. पोर जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा शिवमूर्ती स्वामी म्हणाले, "संगप्पा, आस सोड. लेकराला माती दे, तिच्या जिवाला वाट मिळू दे." लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून पुरतात. इथं देह नव्हता. मग कांताचा एक झगा, एक लिंग, विभूती आणि बेल ठेवून विहिरीच्या काठी समाधी बांधली. आणि त्या पावसाळ्यात विहिरीला झरा फुटला! खरं सांगायचं तर त्या साली पाऊसच दणकून पडला होता, तालुक्यातल्या झाडून सगळ्या विहिरी भरल्या होत्या. पण बाकीच्या विहिरींच्या काठी समाधी नव्हती ना! लोक म्हणाले, तहानेच्या साली गेलेली पोर पाणी होऊन आली. तिची कांताअम्मा झाली. नवस सुरू झाले, श्रावणात सोमवारी रांग लागू लागली, संगप्पाच्या दुकानात नारळ पुरेनात. शरणम्मा रोज तिथं दिवा लावायची. लेक न्हाई तर न्हाई, तिचं पाणी तरी पाजते गावाला, एवढंच समाधान.

यंदाच्या दुष्काळात तर चारी बाजूंच्या विहिरींनी मान टाकली आणि कांताअम्माची तेवढी टिकली. नव्या जिल्ह्याच्या साहेबांनी येऊन डोकावून पाहिलं आणि टँकर दुसरीकडं वळवला, "तुमच्या गावाला पाणी आहे." म्हणजे गावाचा जीव त्या एका विहिरीत अडकलेला.

आणि तीच दोन थर खाली गेली. अहो, जाणार नाही तर काय होईल? तीन दिवस हजार माणूस आलं, त्यांच्या बैलांसकट त्या विहिरीवर पाणी प्यालं! पण हे कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ. गावात एकच कुजबूज सुरू झाली, "अम्मा रुसली. समाधी खोटी ठरवली मनून रुसली."

सकाळी संगप्पाच्या दुकानात बैठक बसली. शेषेराव पाटील, शिवमूर्ती स्वामी आणि गावातली चार शहाणी माणसं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाकडं बोललं नाही. तसं बोलले असते तर शरणम्माला भांडता आलं असतं.

"वहिनी," पाटील म्हणाले, "लेक आली, आमाला आनंद न्हाई का? मीच हलगी लावली. पोरीचं लग्न बी गाव करून देईल, माजा शब्द. फकस्त एक करा. कांता गेली ती गेलीच असं राहू द्या."

"मंजी?"

"मंजी ही कांता न्हाई. तुमच्या भनीची लेक हाय, लोह्याची. पोलिसांनी चुकून हिलाच आनलं. भाईरच्या लोकांना आमी सांगतो तसं."

शरणम्मा नवऱ्याकडं बघत राहिली. संगप्पा गुळाच्या ढेपेवरच्या माशा हाकत होता. पहिल्या दिवशी पोरीला बघून ढसाढसा रडलेला हाच बाप. आता त्याची नजर वर होईना.

"स्वामी, तुमी तरी बोला," शरणम्मा म्हणाली. "जित्त्या मान्साची समाधी आसती का?"

स्वामींनी कपाळावरची विभूती पुसली. "शरणम्मा, शास्तर इचारशील तर नसती. पर गावाला शास्तर न्हाई, पानी पायजे."

कांता आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. पाटलांनी तिला मोठ्या मायेनं विचारलं, "पोरी, तुला कोन्तं नाव आवडतं? तू मनशील ते ठिवू."

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "तिथं काय मनत व्हते तुला?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "सिंधु."

"मंग झालं की!" पाटलांचा चेहरा उजळला. "चांगलं नाव हाय. आन सवयीचं बी हाय."

बैठक उठली. आणि यातल्या एकालाही आपण काय केलं ते कळलं नाही, देवाशपथ कळलं नाही! मारून ठेवलेलं नाव आता मायेनं ठेवलं, म्हणजे सगळं भागलं असंच त्यांना वाटलं.

त्या दुपारी शरणम्मानं नवऱ्याला गाठलं. "आपन लातूरला जाऊ. दाळीच्या मिलात काम करते मी. तितं कोन वळखतंय?"

"पेपरात फोटो आला तिचा," संगप्पा म्हणाला. त्या पेपरवाल्यानं जाता जाता दारातून काढलाच होता. "लातूरला बी इचारतील, कोन, कुटली, काय केलं त्यानं. इतं निदान सिंधुला कोन काय इचारनार न्हाई. आन दुकान टाकून कुटं जाऊ मी?"

मग शरणम्माचं डोकं फिरलं. कोपऱ्यातली पहार उचलली आणि भर उन्हात तरातरा शेतात निघाली. समाधीचा ओटाच फोडायचा, मग कसली अम्मा आणि कसलं काय! पहिला घाव घातला, चुना उडाला. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायका धावत आल्या. कुणी तिचा हात धरला नाही. त्या घागरी-लेकरांसकट ओट्याला पाठ लावून बसल्या. एवढंच केलं त्यांनी.

तुळजाबाई तिच्या पायावर पडली. "शरणाक्का, माजी सून वली बाळंतीण हाय. अंगावर दूध न्हाई तिच्या. हे पानी गेलं तर नातू माजा वाचत न्हाई. तुजी लेक तर आली गं, नुसतं नावच मागतोय आमी."

शरणम्मानं त्या बायकांकडं पाहिलं. सगळ्या ओळखीच्या. तेरा वर्षांपूर्वी तिच्याबरोबर रानोमाळ हाका मारत फिरलेल्या. कांताला माती दिली तेव्हा तिला धरून रडलेल्या. तिला वाटलं होतं, या आडव्या येतील, शिव्या देतील, आणि मग आपल्याला मोकळेपणानं पहार चालवता येईल. एकीच्या मांडीवरच्या लेकराच्या ओठांना पापुद्रे धरलेले दिसत होते. पहार टाकून ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली. बायकाही रडल्या. कुणाचंच खोटं नव्हतं.

पाटलांनी भोवतालच्या गावांत सांगावा धाडला, गडबड झाली, पोरगी दुसरीच निघाली. गर्दी आटली. गर्दी आटल्यावर विहीर हळूहळू दोन थर वर आली. येणारच की! गावानं मात्र समाधीला नारळांचा खच घातला. बघा, अम्मा प्रसन्न झाली. आता कुणाला काय सांगायचं?

घरात मात्र दार लावलं की, आणि आता कांता ते लावू द्यायची, शरणम्मा तिला कांताच म्हणायची, आणि ती अव्वा म्हणायची, अगदी हळू आवाजात. बाहेर कुणाची पावलं वाजली की दोघी गप्प. "थोडे दिस कळ काढ," शरणम्मा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणायची, "पाऊस पडू दे, मंग मी सगळ्यांम्होरं सांगते." कांता मान हलवायची. तिला कळ काढायची सवय होती.

सोमवार होता. विहिरीवर रांग. कांता शेंदत होती, शरणम्मा समाधीपाशी दिवा लावत होती. तेवढ्यात लांबून चालत आलेली एक बाई समाधीपुढं लोटांगण घालून उठली आणि कुणीतरी बोट दाखवल्यावर सरळ शरणम्माच्या पाया पडली.

"तुमीच का अम्माच्या माय? भोकरहून आलेय मी. दोन वर्सं झाली, बाजारातनं माजं लेकरू उचलून नेलं कुनीतरी." बाईच्या डोळ्यांना खळ नव्हता. "पेपरात आलं व्हतं, बसनूरची पोरगी जित्ती घावली. मनून धावत आले. तर हितं मनत्यात ती दुसरीच. खरं का हो? तुमची लेक खरंच न्हाई का आली?"

रहाट थांबला. रांगेतल्या बायका शरणम्माकडं बघत होत्या. तुळजाबाई नातवाला काखेत घेऊन उभी होती. शरणम्माला वाटलं, आताच ओरडून सांगावं, आलीय गं बाई, ती बघ, तुजंबी यील. हिच्या जिवाला केवढा आधार होईल! तिनं तोंड उघडलं. पोटातून शब्द वर आला, ओठापर्यंत आला. आणि तुळजाबाईच्या काखेतलं पोर कुसकुसलं.

"न्हाई," शरणम्मा म्हणाली. "माजी लेक गेली, बाई."

ती बाई मटकन खाली बसली.

"आन ही?" रांगेतल्या कुणा परगावच्या बाईनं कांताकडं बघत विचारलं. "तोंडावळा तर तुमचाच हाय."

"भनीची लेक. सिंधु."

कांतानं आईकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. मुकादमाच्या बायकोपुढं पहिल्यांदा ओ देताना तिनं असंच पाहिलं असेल. मग दोर ओढून तिनं पोहरा वर घेतला, घागर काठोकाठ भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मावशी, घागर भरली. उचलू लागता का?"

शरणम्मा उठली आणि घागरीला हात लावला. त्या दिवसापासून घरात, दार लावल्यावरही, ती मावशीच म्हणते.