सुओ-पोहे

गोष्ट २००५ सालची. परदेशात, हौगांगच्या फ्लॅटमध्ये, शेजारच्या मॅडम लिम बुद्धाचा मंत्र म्हणून दाखवत होत्या आणि शेवटचा शब्द ऐकून निशिकांतला वाटलं, बाई पोहे मागताहेत!

"सुओ-पोहे," त्या पुन्हा म्हणाल्या.

"अहो, स्वाहा म्हणताहेत त्या!" सुलेखा आतून ओरडली. "चीनपर्यंत गेल्यावर शब्दाचं एवढं तरी होणारच की!"

मॅडम लिमचे यजमान चिनी शिकवायचे. त्यांना वेड एका मध्ययुगीन चिनी पंडिताचं. दरबारात मोठा हुद्दा, पण गडी रोज पहाटे बुद्धापुढे बसून, हा मंत्र ज्यात येतो त्या सूत्राची प्रत हातानं उतरवायचा. आई गेली तेव्हा स्वहस्ते लिहिलेली प्रत त्यानं तिच्या शवपेटीत ठेवली. मिस्टर लिमनीही तशीच एक प्रत लिहिली होती. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध.

"तुम्ही बुद्धाच्या देशातले. मंत्र मूळ उच्चारात म्हणाल? माझा त्यांना पोचत नाही, लाह." वाक्यामागे 'लाह' लावायची तिथली सवयच.

बँकेत आकडे जुळवणारा निशिकांत! त्याला कोण आनंद झाला. अंघोळ करतानाही घोकत होता.

दुसऱ्या दिवशी इमारतीखाली पत्र्याच्या डब्यात कागदी कोट, कागदी बूट जळत होते; जाळलेलं गेलेल्या माणसाला पोचतं, अशी तिथली श्रद्धा. मॅडम लिमनी ती प्रत त्याच्या हातात दिली. "त्यांचं एवढंच अक्षर उरलंय माझ्याकडे. जपून धरा."

निशिकांतनं डोळे मिटून खणखणीत मंत्र म्हटला. आता तुम्हीच सांगा, मंत्र चाललाय, पुढ्यात अग्नी, हातात काहीतरी आहे. मुंजीपासून होमापुढे बसलेला हात तो, गप्प बसेल होय?

"स्वाऽऽहा!"

डोळे उघडले तेव्हा हात रिकामा आणि डब्यात हा भडका.

"अहो, काय केलंत हे!" सुलेखा किंचाळली. निशिकांत डब्यात हात घालणार, तोच मॅडम लिमनी त्याचं मनगट धरलं. त्या रडत होत्या.

"ही प्रत पंडितासारखीच शवपेटीत ठेव, असं सांगून गेले होते. मी ठेवली. आणि झाकण लावायच्या आधी गुपचूप काढून घेतली. तेव्हापासून त्यांच्या फोटोकडे बघायचा धीर होत नाही मला." त्यांनी नाक पुसलं. "तुमचा उच्चार फार पॉवरफुल, लाह."



संध्याकाळी सुलेखानं खरोखरच पोहे केले, ओलं खोबरं घालून. मॅडम लिमनी बशी फोटोपुढे ठेवली, मान वर केली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "पोचलं ना?"